आपण, ब्रुगरसाहेब!

…आणि वर मलाच विचारतात, "डोळे कुठे होते तुझे?" अहो, डोळे समोरच्याच्या आल्बमवर होते! तुम्हाला सांगतो, ओल्टेन गावचा मेळावा म्हणजे कॉफीच्या क्रीमच्या इवल्याशा डब्यांवरची चित्रांची झाकणं गोळा करणाऱ्या आम्हा दोनशे खुळ्यांची जत्रा. त्यात मी आणि रोबी, बावीस वर्षं एकच टेबल. गेल्या शरदात बोलता बोलता मी समोरची डबी उचलली, झाकण टर्रकन फाडलं आणि क्रीम कॉफीत! डबी रोबीची. जपून ठेवलेली, न उघडलेली, झाकणावरची गाय छापताना चुकून हिरवी झालेली, एक्क्याण्णव सालची! क्रीमही त्याच सालचं… प्यालो की हो मी ते! दोन दिवस संडासात काढले, त्याचं कुणाला काही नाही. आणि हे सगळं कशावरून? एका झाकणावरून!

रोबी ओरडला असता तर परवडलं असतं. त्यानं शांतपणे टेबल पुसलं आणि म्हणाला, "आपण साखर घेणार का, ब्रुगरसाहेब?"

आपण! ब्रुगरसाहेब! अहो, एकमेकांना 'तू' म्हणायचं ठरलं तेव्हा रीतसर पेले भिडवले होते आम्ही, त्याच हॉलमध्ये! आमच्याकडे माणूस शिव्या देतोय तोवर ठीक, 'आपण' म्हणाला की संपलं! नाताळचं कार्ड आलं, "आपणांस व आपल्या पत्नीस…" बायको म्हणते, "एर्वीन, दुसरा मित्र शोध की." या वयात? मित्र काय अदलाबदलीत मिळतो? सहा महिने जेवण गोड लागलं नाही… एका झाकणावरून!

या वसंतात पुन्हा मेळावा. रोबी आमच्याच टेबलाशी. "बसावं आपण." बसलो. हा आल्बम चाळतोय. कॉफी आली. हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी एक डबी उचलली, झाकणाला नख लावलं, आणि…

"अरे गाढवा! ठेव खाली! अक्कल आहे का तुला? पुन्हा माझीच?"

अख्खा हॉल वळून बघतोय! आणि मी? रडलो हो ढसाढसा!

"काय म्हणालास?"

"गाढव म्हणालो!"

"नाही, त्याच्यापुढे?"

"अक्कल आहे का तु…" थांबला. मिशीतल्या मिशीत हसला लेकाचा. "तुला, तुला, तुला! झालं समाधान? पूस ते नाक, आल्बमवर गळेल!"

काय हलकं वाटलं म्हणून सांगू! आता तो सगळा मेळावा मला गाढव म्हणतो. घरी फोन येतो, "गाढव आहे का?" बायको म्हणते, "आहे, देते." म्हणू दे! 'आपण गाढव आहात' असं तर कुणी म्हणत नाही ना!