दोघे बसले तरच लागणारा दिवा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आज निवृत्त होणारे आपले संचालक साहेब, उद्या त्यांचा पदभार घेणारे उपसंचालक साहेब, आणि चहाकडे डोळे लावून बसलेले सभ्य स्त्रीपुरुषहो,

अध्यक्षांना बाजूच्या सोफ्यावर बसवलं याबद्दल दिलगीर आहे. कारण पुढे कळेल. मला पाच मिनिटं दिली आहेत. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी वेळ पाळायला शिकवलं. गप्प बसायला शिकवणं मात्र त्यांनाही जमलं नाही.

आपल्या संग्रहालयातलं मुत्सद्देगिरीचं दालन हे संचालक साहेबांचं स्वप्न. तिथे तह आहेत, शिक्के आहेत, राजदूतांचे झगे आहेत. मधोमध एक टेबल, दोन बाजूंना दोन खुर्च्या. दोघे बसले तरच टेबलावरचा दिवा लागतो. एक उठला की विझतो.

हे टेबल उद्या गोदामात जायचं आहे. प्रेक्षकांना ते आवडत नाही म्हणे. कोणी विचारलं प्रेक्षकांना? मुख्य दाराशी ठेवलेल्या अभिप्रायाच्या यंत्रानं. आणि टेबलावरून उठलेली माणसं जातात कुठून? पाठीमागच्या, बागेत उघडणाऱ्या दारानं. यंत्राला ती कधी दिसतच नाहीत. जेवण कसं झालं हे पंगतीत न बसलेल्यांना विचारायचं, असा हा प्रकार.

मी इथल्या नोकरीतून निवृत्त झाले तरी त्या बागेच्या दाराशी उभी राहून विचारत होते. एकदा दोघं भावंडं आली. आईला कोणी सांभाळायचं यावरून अबोला. दिवा बघायला म्हणून बसली आणि भांडायला लागली. भाऊ उठायला लागला तशी बहीण म्हणाली, "बस रे दादा. दिवा जाईल."

तो बसला. बऱ्याच वेळानं दोघं बाहेर आली तेव्हा मी अभिप्राय विचारला. तो म्हणाला, "आत्ता नको बाई, आईकडे निघालोय."

मी हे संचालक साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "बाई, मला आकडे द्या, किस्से नकोत."

उपसंचालक साहेबांचंही तेच मत. या दोघांचं वर्षभर एकमेकांशी बोलणं नाही, हे इथे कोणाला माहीत नाही? निरोप जातात ते शिपायामार्फत. एकमत झालं ते फक्त टेबल हलवण्यावर, आणि तेही शिपायामार्फतच.

असो. आज व्यासपीठाची मांडणी माझ्याकडे होती. टेबलावर पांढरं कापड घातलं, दिव्यापुढे फुलं ठेवली, की आपलंच टेबल आपल्याला ओळखू येत नाही. माझं भाषण सुरू झाल्यापासून दोन्ही साहेब त्याच टेबलाशी बसून एकमेकांच्या कानाला लागले आहेत. माझ्याविषयीच असेल. हरकत नाही. कोणीतरी ती फुलं जरा बाजूला करा. दिसला दिवा?

टेबल हलवायच्या हुकमावर सही व्हायची आहे ती उद्या. आज रात्रीपर्यंत दोघांनी बोलावं.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर दोन्ही साहेबांनी क्षमा करावी. पण बसून, दोघांनी मिळून करावी. एकट्यानं उठून केलेली मला चालणार नाही.