तेरा डबे आणि एक खोली

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, वीजघराचे माननीय अभियंता आबासाहेब, त्यांच्या शेजारी बसलेले आमचे सरपंच सुगतभाऊ, व्यासपीठावरचे सर्व अधिकारी, समोर बसलेले कर्मचारी बंधू, कॉलनीतल्या माझ्या मैत्रिणी, ऊन चुकवत मागं भिंतीला टेकलेली पाहुणे मंडळी, आणि ज्यांच्या गळ्यातला हार अजून निघालेला नाही ते सत्कारमूर्ती सुग्रीवराव, म्हणजे आमचे मालक, या सर्वांना दैवशालाचा नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. बचत गटाच्या अध्यक्षीणबाईच्या हातात माईक द्यायचा आणि वर दोन शब्द म्हणायचं! चूक सूत्रसंचालकांची आहे, मला बोल लावू नका.

माझ्या आधी पाच जण बोलले. पाचही जणांनी सांगितलं, सुग्रीवराव लय शिस्तीचे. खरं आहे, मी कुठं नाही म्हणते? पण ती शिस्त राहते कुठं, हे कुणी सांगितलं नाही. ती राहते माझ्या क्वार्टरमध्ये, पलंगाखाली, पत्र्याच्या तेरा डब्यांत. आणि आज त्या डब्यांचा फैसला मी तुमच्यासमोर करून घेणार आहे.

हे आज रिटायर झाले, आता क्वार्टर सोडायचं. सेलूला घर घेतलंय. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर आणि बाजूला एक लहान खोली. ती लहान खोली मला पाहिजे, शेवयाच्या मशीनसाठी. लग्न झाल्यापासून यांची ड्यूटी जिथं, तिथं माझी चूल. आता माझं स्वतःचं काहीतरी चालू करायचं म्हणते, त्यात वावगं काय आहे? पण हे म्हणतात, ती खोली डब्यांची. म्हणजे कपाळ माझं!

डब्यांत काय आहे म्हणून विचारता? सांगते. यांच्याकडं सहा रिंगांचा एक प्लॅनर आहे. आमची लेक भक्ती पाळण्यात होती तेव्हा एका कंपनीच्या माणसानं दिलेला. वरचं कातडं दोनदा बदललं, रिंगा त्याच. दरसाल परभणीहून नुसती कोरी पानं आणायची आणि रोज एक पान लिहायचं. तुम्ही म्हणाल, वर्ष सरलं की गठ्ठा बांधायचा, टाकायचा माळ्यावर, मिटलं. तसं केलं असतं तर मी आज इथं कशाला घसा कोरडा केला असता?

यांनी पानं वर्षानं लावली नाहीत, तिथीनं लावली. दर अमावस्येला रिंगा उघडायच्या, झालेल्या महिन्याची पानं काढायची, भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिथी टाकायची. चैत्राचा एक डबा, वैशाखाचा एक, असं फाल्गुनापर्यंत. चैत्राच्या डब्यात सगळ्या वर्षांचे पाडवे एका जागी, त्यांच्या मागं सगळ्या बिजा, मग तिजा. मध्ये आडव्या लावायला जुन्या लग्नपत्रिका कापलेल्या. पानांच्या भोकांतून नाडी ओवलेली. आमच्या घरात एका पायजम्याला धड नाडी सापडायची नाही! कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुलिंबाचा पाला. एकदा घाईघाईत ओलाच पाला घातला आणि अख्खा श्रावण बुरशीनं हिरवा झाला. मग काय, श्रावण अंगणात बाजेवर वाळत घातला, आणि मी बसले काठी घेऊन शेळ्या हाकत.

आबासाहेब हसायलेत, कारण त्यांनीही हे भोगलंय. मागं एका पंपाच्या दुरुस्तीबद्दल त्यांनी यांना विचारलं, "सुग्रीवराव, हा याआधी कधी खोलला होता?" हे म्हणाले, "नागपंचमीच्या आदल्या दिवशी, साहेब." साहेब म्हणाले, "अहो, तारीख सांगा, तारीख!" तर हे शांतपणे म्हणतात, "तारखेसाठी घरी जावं लागंल." आणि गेले की! साहेब फाईल उघडी ठेवून बसले.

आता बारा महिन्यांचे बारा डबे झाले, मग तेरावा कशाचा? तो अधिक महिन्याचा, आपल्या धोंड्याच्या महिन्याचा. तो तीन वर्षांतून एकदा उघडतो. आणि माझं नशीब बघा, माझा जन्म धोंड्याच्या महिन्यातला! शाळेत गुरुजींनी एक जून लावून दिली, पण ह्यांना ती मान्य नाही. "ती गुरुजींची तारीख हाय, तुझी न्हाई," म्हणतात. त्यामुळं तेरावा डबा उघडला की मला साडी, नाहीतर काही नाही. त्या हिशोबानं मी अजून विशीतच आहे, म्हणून माझी तक्रारही नाही.

सध्या धोंड्याचाच महिना चालू आहे, त्यामुळं आमचे जावई परमेश्वरराव पुण्याहून आलेत. ते बसलेत तिथं, अनारसे खाऊन जरा जड झालेत. त्यांनी यावर तोडगा काढला. म्हणाले, "मामा, सगळी पानं मोबाईलमध्ये घेतो. डब्यांची कटकटच नको." बिचाऱ्यांनी उकाड्यात बसून चैत्राच्या सगळ्या पानांचे फोटो काढले आणि तारीखवार लावून दिले. ह्यांनी मोबाईल हातात घेतला, बोट वर केलं, खाली केलं, आणि म्हणाले, "जावईबापू, यात माझा पाडवा कुठं हाय?" सगळे पाडवे पांगले होते. जावई अजून त्या धक्क्यातून सावरले नाहीत.

पण एवढा खटाटोप कशासाठी, हे मला विचाराल तर मी रोज बघते. सकाळी चहा झाला की हे त्या तिथीचा पुडा काढतात आणि वाचतात. फार मोठं काही नसतं हो त्यात. "आज अष्टमी. भक्तीला पहिला दात." पुढच्या पानावर, "दोन नंबरचं मशीन गरम झालं, दुपारून थंड." त्याच्या पुढच्यावर, "दैवशाला माहेरी, भात करपला." मी तोंडानं म्हणते, "पुरे की आता, मला कामं हायत." पण खरं सांगते, एखाद्या दिवशी ड्यूटीमुळं वाचायचं राहून गेलं तर मला चहा गोड लागत नाही.

तरी मी गेल्या आठवड्यात मन घट्ट केलं आणि जिंतूरहून नागेशला बोलावलं. नागेश म्हणजे आपल्या कॉलनीत येणारा भंगारवाला. त्यानं पहिला डबा उचलला. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. पण हे उठले, आणि जड आहे म्हणून नागेशच्या हातातल्या डब्याला खालून हात लावला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "नेऊ दे. पण ड्यूटी सुटल्यावर मी पानावर काय लिहू, तेवढं सांग."

मी उठून डबा परत पलंगाखाली सरकवला. नागेशला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं वाटेला लावलं. तेव्हापासून डबे आहेत तिथंच आहेत आणि आमच्या दोघांत त्यावर बोलणं नाही. घरी हा विषय काढला तर एक तरी रडणार, म्हणून इथं काढला. इथं चारचौघांत दोघंही नीट वागू.

तर मालक, विचारते. त्या लहान खोलीत काय ठेवायचं? डबे का मशीन?

काय? माईक नाही त्यांच्याकडं, तुम्हाला ऐकू आलं नसेल. "मशीन" म्हणाले.

आवं, असं कसं? मी भांडायची तयारी करून आले होते! तानुबाई, तू टाळ्या वाजवू नको गं. थांब जरा. एक घोट पाणी द्या कुणीतरी.

मशीन म्हणाले, आणि हसून म्हणाले. या माणसानं आयुष्यात माझ्यापुढं कशाचा हट्ट धरला नाही. हा एकच होता, तोही सोडला. मला आनंद व्हायला पाहिजे, आणि मला रडू यायलंय. माफ करा.

आता ऐका. आबासाहेब, दोनच मिनिटं. तिसऱ्या रांगेत पांढऱ्या टोपीत बसलेत ते माझे दीर, आश्रुबाभाऊजी. पूर्णेजवळ आमच्या गावी राहतात. भाऊजी, तुमच्या पक्क्या खोलीत बारा डब्यांपुरती जागा हाय का? हाय? बघा, मान डोलावली, सगळ्यांनी बघितलं, आता फिरायचं नाही.

मालक, महिन्याला डबा लागतो एकच. तो सेलूला राहील, माझ्या स्वयंपाकघरात, तिखटमिठाच्या फळीवर. त्याला ऊब पण लागंल, माझी नजर पण राहील. बाकीचे बारा गावाकडं. दर अमावस्येला सरलेल्या महिन्याचा डबा पिशवीत घालायचा, सेलूहून रेल्वेनं पूर्णा गाठायचं, तिथून गावी. तो डबा तिथं ठेवायचा, बाकीच्यांना ऊन दाखवायचं, पाला बदलायचा, वाळलेलाच, आणि पुढच्या महिन्याचा डबा घेऊन घरी यायचं. ही तुमची ड्यूटी. हिला रिटायरमेंट नाही, आणि रजा पाहिजे असंल तर अर्ज माझ्याकडं करायचा. पानावर काय लिहू म्हणत होता ना? हे लिहा.

बोलता बोलता पदर खोचून घरचं भांडण मी तुमच्यापुढं मांडलं. अध्यक्षसाहेबांनी घड्याळाकडं न बघता ते ऐकून घेतलं. वीजघरातल्या सगळ्या बंधूंनी यांना एवढी वर्षं सांभाळलं, कॉलनीतल्या बायांनी मला सांभाळलं, त्या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानते. कुणाला माझा शब्द लागला असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर घरचीच बाई म्हणून पदरात घ्या.

आता मला माईक सोडावाच लागेल. आमचे मालक खुर्चीतून उठलेत, हार तसाच गळ्यात आहे, आणि मघापासून मला खुणावून विचारायलेत, "अमावस्येला पूर्णेला जायला पहिली गाडी कितीची हाय?"