पट्टा कोणाच्या मापाचा

"चला गं बायांनो, गवत वाट बघतंय!" लहानपणी बांधावरून येणारी ही हाक मला परवा जव्हारच्या दुकानात आठवली. शेजारी दाभोसा गावचं जोडपं गवत कापायचं पेट्रोलचं मशीन घेत होतं.

"पुष्पे, हे हलकं हाय. हेच घेऊ."

"भाताची गोणी उचलणाऱ्याला हलकं कशाला?"

"याला नायलॉनची दोरी हाय. दगडाला लागली तर झिजते, पात्यासारखी तुटून उडत नाय."

"आन् खांद्याचा पट्टा माझ्या मापाचा का करून घेतला?"

"सहज."

"पेट्रोलात ऑइल किती घालायचं, तेपण मलाच पाठ करवलं. तेपण सहज? बोला ना, येसूचे बाबा!"

"यंदा वसईला कामाला मी एकटाच जाणार, गवत तू इथंच कापायचं. येसूची शाळा परत सोडवायची नाय."