शिवेवरची टोपली

देवळाच्या मंडपात जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, महालाच्या कचेरीतून आलेल्या कारभारी मंडळींनो, आणि पाड्यावरून चिखल तुडवत आलेल्या आयाबायांनो,

घरखर्चाची टिपणं ठेवणारी बाई मी. शब्दही जपूनच खर्चते. तरी उभी राहिले, कारण बुधीआय कशाने गेली, ते कुणीतरी इथे सांगायला हवं.

बुधीआय सुईण. या मंडपातल्या कितीजणांना तिनेच पहिल्यांदा हातात घेतलं असेल. माझ्या दोन्ही मुली तिच्याच हातच्या. थोरलीच्या वेळी मी रामनाम घेत पडले होते. ती म्हणाली, "बाय, देवाला मंग हाक मार, आधी जोर लाव. मॅट्रिक झालीस ना? शाळंत ह्या नाय शिकवला?" तशा कळांतही मला हसू आलं.

तिचा पाडा एका नाल्याच्या दोन्ही अंगांना. गावदेव एक, मसणवटा एक. पाड्याची शीव वर डोंगराच्या सोंडेवर, सागाखाली, वाघदेवापाशी. मग मोजणी झाली आणि नाल्याच्या काठी हद्दीचा दगड बसला. दगडाच्या अलीकडे आपलं संस्थान, जव्हार. पलीकडे इंग्रजी अंमल, मोखाडा पेट्याचा मुलूख. बुधीआयची झोपडी पलीकडे राहिली.

वाघबारशीला कुणीतरी त्या दगडाला शेंदूर फासला. बुधीआय म्हणाली, "पुसा तो. हा देव नाय, सरकारी हाय. ह्याला कोंबडा चालत नाय, ह्याला पट्टी लागते." सगळे हसले. शेंदूर मात्र कुणी पुसला नाही. तिथेच चुकलं, मंडळी.

यंदा भातलावणीत पटकी आली. पाड्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मरीआईचं हळदकुंकू, बांगड्या, नाचणीची भाकर टोपलीत ठेवायची आणि टोपली शिवेबाहेर सोडायची. नेणाऱ्याने मागे बघायचं नाही. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. पण शीव कुठली? अलीकडचे म्हणाले, शेंदूर लागलाय तीच. त्यांनी टोपली दगडापलीकडे ठेवली. पलीकडे कोण? त्यांचेच चुलते, त्यांच्याच बहिणी. सकाळी टोपली परत अलीकडे. पुन्हा पलीकडे.

"तुमची मरी तुमच्यापाशी ठेवा."

"आमची कशी? तुमच्याच अंगानं आली."

माणसं दोन्हीकडे मरत होती, आणि कोयते तेवढे निघायचे राहिले होते.

शेवटी बुधीआयने ती टोपली आपल्या डोक्यावर घेतली. पाडा बघत राहिला. भर पावसात ती म्हातारी एकटी सोंडेवर चढली, वाघदेवापलीकडे टोपली ठेवून आली. नंतर एवढंच म्हणाली, "मरीआईला तरी कळावा ना, जावा कुठं." भांडण मिटलं. तिने पुन्हा दोन्हीकडच्या आजाऱ्यांचं हागणंओकणं काढायला घेतलं. मग तीच आडवी झाली.

संस्थानच्या दवाखान्यातून औषधाची पेटी घेऊन माणूस निघाला, त्याच्यासोबत कचेरीतर्फे माझे यजमान होते, म्हणून मीही गेले. तो दगडापाशी थांबला. "वहिनी, पुढे मोखाडा. माझी हद्द इथवर." झोपडी तिथून दिसत होती. तिची लेक उशाशी बसलेली दिसत होती. बुधीआयचं कण्हणं ऐकू येत होतं. मोखाड्याकडून तिकडचा पेटीवाला येणार होता, तो पुरापलीकडे अडकलेला. मी बाटली मागितली. पेटीवाल्याने यजमानांकडे पाहिलं. यजमान म्हणाले, वर विचारायला हवं. वर म्हणजे कुणाला? त्यात दुपार कलली.

मग मी विचारायचं सोडलं. बाटली उचलली आणि नाल्यात उतरले.

बुधीआयने मला ओळखलं. म्हणाली, "ओल्या लुगड्यानं आलीस गं. तशी पोरींजवळ जाव नको." औषध ओठांवरून ओघळून गेलं. पोटात काहीच उतरलं नाही. त्याच रात्री ती गेली.

मसणवटा अलीकडे. विसाव्याला तिरडी त्या दगडापाशीच टेकली. पलीकडच्यांनी तिला तिथवर आणलं, तिथून अलीकडच्यांनी खांदा दिला. हद्द कुणी विचारली नाही. मेलेल्या बाईला मिळाली ती वाट, आदल्या दिवशी औषधाच्या बाटलीला का मिळाली नाही? माझ्या देवाला मी रोज हेच विचारते. आज तुम्हालाही विचारते.

कारभारी मंडळी, दगड उपटा असं मी म्हणत नाही. सारा कुठे भरायचा, ते ठरवायला दगड लागतोच. पण पुन्हा पटकी येईल. त्याआधी पेटीवाल्याला नाला ओलांडायचा हुकूम द्या. तेवढं झालं तर तिच्या नावाने मी तुळशीपाशी दिवा लावीन. नाही झालं, तर पुढच्या वेळीही नाल्यात कुणी बाईच उतरेल, आणि तिलाही उशीरच झालेला असेल.

आता सगळे उठू या. टोपली घेऊन निघालेल्याशी गाव बोलत नाही. त्या दिवशी ती सोंडेवर चढत होती तेव्हा पाडा जसा गप्प उभा होता, तसेच उभे राहू. रडूही आतच ठेवा, बायांनो. कुणी हाक मारू नका. तिला मागे बघावं लागेल.