गेनूअण्णांचे गुडघे आणि दुपारची वीणा

टाळ जरा थांबवा, बाबांनो. मृदंगावरचा हातही विसावू द्या. आज एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई नको! माणसाच्या हातून नकळत काही वावगं घडलं, तर दोष कुणाचा? आणि — खरा प्रश्न पुढंच आहे — ते कळल्यावर घाबरून त्यानं जे केलं, त्याचा दोष कुणाचा?

लगेच मान हलवू नका! न ऐकता मान हलवणाऱ्यांची मला फार भीती वाटते. मंडळी, ऐका.

एक गाव होतं. नाव सांगत नाही, त्या गावचे पाहुणे समोरच बसलेत! तिथं गेनूअण्णा ढमढेरे नावाचे गृहस्थ. गळ्यात तुळशीची माळ, ऐन तरुणपणी घातलेली. तेव्हापासून मांसमच्छी बंद. लग्नाकार्यात पंगतीला बसले तरी आचाऱ्याला हाक मारून विचारायचे, "भांडी कुठली रं ही?" असा कडक माणूस.

आणि अण्णांचा मान कसला? सप्ताहातल्या दुपारच्या वीणेचा. शहरातली पोरंसोरं आलीत म्हणून सांगतो — सप्ताह बसला की वीणा जमिनीला टेकवायची नाही. या गळ्यातून त्या गळ्यात! आणि ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं उभं राहायचं. त्या गावात असंच चालत आलेलं.

आता मला सांगा, हे ठरवताना गुडघ्यांना कुणी विचारलं होतं का?

अण्णांचे गुडघे गेले. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांध्यांची झीज आहे, अण्णा. वजन थोडं कमी करा. मांडीचे हे व्यायाम रोज करा. फार दुखलं तर माझ्याकडं या." व्यायाम! आपल्याकडं डॉक्टरनं व्यायाम सांगितला, की आपल्याला वाटतं याला काही येत नाही! आपल्याला बाटली पाहिजे. आणि बाटलीवर धावत्या म्हाताऱ्याचं चित्र पाहिजे!

ती बाटली आणली सुनेनं. शालन तिचं नाव. नवरा नोकरीला लांब, घरात ही आणि सासरा. सकाळी उठताना अण्णा भिंत धरून कण्हायचे, ते तिला चुलीपाशी ऐकू यायचं. जीव तुटायचा हो पोरीचा! मोबाईलवर जाहिरात दिसली, बहीण म्हणाली माझ्या सासूला गुण आला, झालं! बाटली घरात. "अण्णा, जेवणावर एक गोळी घेत जा. सांध्यात वंगण येतं म्हणे."

अण्णांनी विचारलं का, बाई, यात काय आहे? नाही! ज्यांनी आचाऱ्याला भांडं विचारलं, त्यांनी बाटलीला काही विचारलं नाही. औषधच ना ते! डॉक्टरीणबाईंनाही कुणी सांगितलं नाही. अण्णा म्हणत राहिले, "बरं वाटतंय." औषधानं की सुनेच्या मायेनं, ते त्यांनाही ठाऊक नाही.

बाटली संपली. सप्ताह तोंडावर आलेला. अण्णा रिकामी बाटली घेऊन स्वतःच गेले औषधाच्या दुकानात. काउंटरला नवी मुलगी. तिनं रीतीप्रमाणं विचारलं, "आजोबा, कोळंबी-खेकडा खाल्ल्यावर अंगाला पुरळ तर येत नाही ना?"

"शिव शिव शिव! अगं पोरी, गळ्यात माळ दिसंना का तुला?"

मुलगी गोंधळली. "मग हे नका घेऊ, आजोबा. हे कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढतात. दुसऱ्या तऱ्हेचंही मिळतं, थांबा, बघते..."

पुढचं अण्णांनी ऐकलंच नाही.

मंडळी, काय झालं असेल त्या जिवाचं! एसटीत बसले, तर हात माळेवर. काढावी? ठेवावी? काढली तर उघडा पडलो, ठेवली तर खोटा ठरलो! घरी आले, बाटली तिच्यापुढं ठेवली आणि एवढंच म्हणाले, "शालन, काय खायला घातलंस मला?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं! ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. शालन दारातच खाली बसली.

आणि मग अण्णांनी ती चूक केली. घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या गोळ्या गोळा केल्या. हिच्यात काय, तिच्यात काय, कुणी सांगावं! — गेल्या उकिरड्यात. आणि त्यातच गेली रोजची प्रेशरची गोळी.

शालननं रिकामं फडताळ पाहिलं. "अण्णा, प्रेशरची गोळी तरी..."

"तिच्यात काय असतं? सांग!"

काय सांगणार? एकदा न विचारता देऊन बसलेली बाई, आता कुठल्या तोंडानं म्हणणार, ही घ्याच? रोज काळजीनं सासऱ्याच्या चेहऱ्याकडं बघायची आणि गप्प बसायची.

सप्ताह बसला. दुपारची वेळ, मंडपाचा पत्रा तापलेला, अण्णांच्या गळ्यात वीणा. चेहरा लालबुंद. कपाळ ठणकतंय, तरी नाम चालू. टाळकरी डोळे मिटून रंगलेले. बायकांत बसलेली शालन तेवढी डोळे उघडे ठेवून होती. तिला दिसलं, अण्णांचं बोट तारेवरून सुटलं. वीणा कलली! अण्णा डोलतायत, आणि लोकांना वाटतंय, वा, काय तल्लीन झालेत!

त्या गावात बाईमाणसानं वीणा कधी घेतलेली नव्हती. शालनला ठाऊक होतं. ती उठली. सगळ्यांच्या अंगावरून वाट काढत गेली.

"अण्णा, द्या इकडं."

"तू?"

"माझ्या हातून एकदा चुकलंय. पुन्हा कशाला हात लावू नको म्हणाला तर नाही लावणार! पण आत्ता द्या, अण्णा. पाया पडते."

अण्णांनी मान वाकवली. वीणा तिच्या गळ्यात गेली, आणि अण्णा टाळकऱ्यांच्या अंगावर कोसळले.

शालनचा आवाज फाटला होता, तरी तिनं नाम सोडलं नाही. अण्णांना उचलून जीपमध्ये घालेपर्यंत ती रडत होती आणि गात होती.

डॉक्टरीणबाईंनी प्रेशर मोजलं आणि त्या स्वतःच घाबरल्या. "अजून थोडा वेळ उभे राहिला असता, तर मेंदूतली शीर फुटली असती! गोळी का सोडलीत?" अण्णांनी सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला विचारायचं होतं, अण्णा. तुमच्या प्रेशरच्या गोळीत तसलं काही नाही. गुडघ्याचं ते औषध प्राण्यापासून न केलेलंही मिळतं. पण त्याचा गुण कुणाला येतो, कुणाला येत नाही, मी खात्री देणार नाही. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असली, तर विचारल्याशिवाय ते घ्यायचंच नाही. बरं, व्यायाम करत होता का?"

अण्णा छताकडं बघायला लागले!

संध्याकाळी शालन आली. दारातच उभी. अण्णा म्हणाले, "आत ये, पोरी. माळ मी घातली होती, मग विचारायचं काम माझं होतं. तू माझं दुखणं बघितलंस, मी तुझी भीती बघितली नाही." मग एकदम दचकले, "वीणा? वीणा कुठाय?"

"रखमाकाकूंच्या गळ्यात. त्यांच्या आधी सरूवहिनी होत्या."

अण्णांनी डोळे पुसले. "पेलतीय का गं त्यांना?"

"पेलतीय की, अण्णा."

आता तुमच्याकडं येतो! घरी किती बाटल्या लपवल्यात, ते विचारत नाही. उद्या त्या पिशवीत घाला, डॉक्टरपुढं मांडा, आणि विचारा. घेण्याआधी विचारा, टाकण्याआधीही विचारा! नकळत घडलं ते देव पोटात घालतो. पण कळल्यावर आपण न विचारता जे टाकतो, आणि कुणाला तरी गप्प बसवतो, त्याचा दोष कुठं नेऊन ठेवणार? तो आपलाच.

तुमच्या घरातही कुणी तरी असंच काळजीनं तुमच्याकडं बघत असेल. आणि तुम्हीच कधी तरी अण्णांसारखं बोललात, म्हणून ती गप्प असेल. आज घरी गेल्यावर हातपाय धुण्याआधी तिच्यापाशी बसा आणि म्हणा, बोल बाई, मी ऐकतोय.