मिया आणि दिमित्री

जर्मन शब्दांची वही. अथेन्सच्या कुठल्याशा दुकानाची विटलेली पिशवी. चाळीस खुर्च्या आणि एकच खिडकी.

तिराना शहरातल्या कागदपत्रांच्या भाषांतर कचेरीत माझ्या शेजारी एक काका होते, त्यांच्या पलीकडे नर्सिंगची विद्यार्थिनी.

"जर्मनीला का गं, पोरी?"

"हो काका. पाच वर्षं काम करायचं नि परत यायचं."

"मी दोनच वर्षांसाठी ग्रीसला गेलो होतो. सव्वीस वर्षांनी आलो."

"मी नाही अशी अडकणार."

"बरं. तिकडे नाव काय सांगणार?"

"मिर्येता. माझंच! आता कोणी नाव बदला म्हणत नाही."

"मलाही कोणी म्हटलं नव्हतं. दाशामीर म्हणताना मुकादमाची जीभ अडखळायची. मीच म्हटलं, दिमित्री म्हणा."

"मुलाखत घेणाऱ्या जर्मन बाई मला मिया म्हणाल्या."

"मग तू?"

"हो म्हणाले. नोकरी हवी होती ना."

"शाबास! मला तिथे पोचल्यावरही नाव बदलायला महिना लागला होता. तू तर इथूनच सुरुवात केलीस."

"...तुमचा नंबर कधी आहे, काका?"

"येईल. आठपासून इथेच बसलोय, अजून कुणी पुकारलं नाही."

साडेनऊला खिडकीतून 'दाशामीर' अशी तीनदा हाक आली होती.