टिकटिक

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. आईच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि त्यात तिने स्वतः तयार केलेलं पहिलंवहिलं गाणं.

"आई, आधी आवाज कमी कर. हळू आवाजातही कानाला बरं वाटलं, तरच गाणं जमलं म्हणायचं."

"केला बाई. आणि तू सांगितलंस तसं प्रत्येक वाद्याच्या ट्रॅकला नावही दिलंय."

"बघू. हे काय, ड्रमला 'सासूबाई'?"

"ट्रॅक सात, ट्रॅक आठ माझ्या लक्षात राहत नाही. माणसं राहतात."

"आणि झांजेला 'वन्सं'? म्हणजे आत्या?"

"दोनदाच येतात, पण घर हलवून जातात."

"बाबा कुठे आहेत?"

"ती बास गिटार. खाली एकच सूर धरून बसलेत."

"आणि मी?"

"बासरी. मधेच सुरू होतेस, मधेच गायब."

"बरं बरं. मग तू कुठे आहेस?"

"मी ती टिकटिक. वाजवताना ताल चुकू नये म्हणून लावतो ना, ती."

"अगं, पण तयार गाण्यात ती ऐकूही येत नाही!"

"माहितेय. तूच शिकवलंस."

"आई..."

"तोंड काय पाडतेस? परवा मी ती बंद ठेवून सगळं नव्याने वाजवून पाहिलं."

"मग?"

"सासूबाई पुढे पळाल्या, तुझे बाबा मागे राहिले आणि तुला कुठे शिरायचं तेच कळेना."

"मग काय केलंस?"

"काय करणार? केली परत चालू. ऊठ, आपला नंबर आला."